पहिलीत किती मुलं आली?

१७,६७०. विनाअनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या एका मुलामागे महाराष्ट्र सरकार वर्षाला शाळेला देऊ करतं ती ही रक्कम. एप्रिलअखेरीला छोट्या शाळेचं पालकांना पत्र येतं, त्यात स्नेहसंमेलनाचे फोटो असतात, शिष्यवृत्तीधारकांची नावं असतात, जूनपासूनच्या नव्या योजना असतात. हा आकडा मात्र बहुधा नसतो.

त्याचं वजन कळायला नमुन्याचा एक हिशेब मांडू. पहिली ते आठवी, एकेक तुकडी, वर्गात २५ मुलं, म्हणजे शाळेत २००. प्रत्येक वर्गात ६ जागा शिक्षण हक्क कायद्याखालच्या, म्हणजे ४८ मुलं. उरलेली १५२ मुलं वर्षाला २४,००० रुपये फी भरतात असं धरू. फीचे ३६,४८,००० आणि सरकारकडून यायचे ८,४८,१६० मिळून जमा होते ४४,९६,१६०.

खर्चाच्या बाजूला मुख्याध्यापकांसह दहा शिक्षक, सरासरी २५,००० पगारावर. वर्षाचे ३० लाख. एक लिपिक आणि दोन मावश्या, प्रत्येकी १२,०००, वर्षाचे ४,३२,०००. पगार भागवून हातात राहतात १०,६४,१६०. त्यातून इमारतीचं भाडं, वीजबिल, भविष्यनिर्वाह निधी, खडू-कागद, दुरुस्ती आणि संमेलनाचा मंडपही.

सरकारकडून यायचे हे प्रतिपूर्तीचे पैसे त्या वर्षात आलेच नाहीत तर? मग उरतात २,१६,०००. महिन्याला १८,०००. एवढ्यात शहरात शाळेला जागा सोडा, गाळाही भाड्याने मिळणार नाही. प्रतिपूर्ती थकते ही शाळांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. २०२०-२१ या कोरोनाच्या वर्षी तर दरच ८,००० वर आणला होता. आपल्या नमुन्याच्या शाळेत तो फटका ४,६४,१६० रुपयांचा. आणि पैसे वेळेवर आले तरी फी आणि प्रतिपूर्ती यांतला फरक मुलामागे ६,३३० उरतोच. ४८ मुलांचे होतात ३,०३,८४०, म्हणजे एका शिक्षकाचा वर्षाचा पगार. राखीव जागांवरची मुलं शाळेवर ओझं आहेत, असा अर्थ यातून काढायचं कारण नाही. ती मुलं शाळेत असायलाच हवीत; सरकारने आपला वाटा वेळेवर द्यावा, एवढंच.

वेळेचा मुद्दा पैशांपुरता नाही. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना राखीव जागांच्या प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. तोवर शाळा भरून महिना लोटला होता. प्रवेश असे लांबले तर मोठ्या शाळेला सहा रिकाम्या बाकांचं काही वाटत नाही. पंचवीसच्या वर्गात ते सहा बाक म्हणजे वर्गाचा चौथा हिस्सा.

आता फी. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यानुसार ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, आणि फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. जूनची फी डिसेंबरात मांडायची, म्हणजे पहिलीला किती मुलं येणार हे कळायच्या आधीच. एप्रिलच्या पत्रातली 'फीवाढ' ही खरं तर शिळी बातमी असते. शिक्षकांना वर्षाला ६ टक्के वाढ द्यायची ठरवली तर दोन वर्षांनी पगारखर्च ३,७०,८०० ने वाढतो. प्रतिपूर्तीचा दर तोच राहिला, तर हा भार १५२ पालकांवर पडतो: प्रत्येकी सुमारे २,४४०. दहा टक्के फीवाढ ऐकून पालक हबकतात, पण एवढ्यात शाळेने नवी खुर्चीसुद्धा घेतलेली नसते.

तरीही माझ्या मते सगळ्यांत मोठा आकडा पहिलीचा. फी भरणारी पाच मुलं कमी आली तर त्या वर्षी १,२०,००० गेले, इतक्यावर ते थांबत नाही. वर्ग मोडता येत नाही, बाई त्याच, खोली तीच, आणि ती रिकामी जागा आठवीपर्यंत वर सरकत जाते. आठ वर्षांत ९,६०,०००. पुढच्या जूनलाही पाच कमी आली की त्या एका वर्षाची तूट २,४०,०००. प्रतिपूर्तीविना उरणाऱ्या २,१६,००० पेक्षा जास्त. कोल्हापूरचं सृजन आनंद (१९८५) किंवा पुण्याचं अक्षरनंदन (१९९२) यांसारख्या मराठी माध्यमाच्या प्रयोगशील शाळांचं पालकांना कौतुक असतं. ते पहिलीच्या प्रवेशात उतरलं तरच अशा शाळा टिकतात.

पुढच्या वर्षाच्या योजनांत दिवसांचाही हिशेब आहे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की राहतात २३७. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस मागतो. मोकळे १७. सहल, संमेलन, क्रीडादिन, पावसाने बुडालेले दिवस, सगळं त्यातच. शिवाय आधी जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीला नवा अभ्यासक्रम. आठ वर्गांच्या शाळेत म्हणजे अर्ध्या वर्गांना एकदम नवी पुस्तकं, आणि एकच बाई दोन-तीन इयत्तांना गणित शिकवत असतील तर त्यांची मे महिन्याची सुट्टी गेलीच समजा. त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस आणि बदली शिक्षकाचा खर्च पत्रात लिहिला असेल, तर ती योजना खरी. 'नावीन्यपूर्ण उपक्रम राबवणार' हे वाक्य दरवर्षी छापता येतं.

१ मे रोजी झेंडावंदन उरकून निकालपत्रक हातात पडेल, तेव्हा मुख्याध्यापकांना चार प्रश्न जरूर विचारा. पहिलीत किती प्रवेश झाले? किती शिक्षक सोडून चालले? प्रतिपूर्ती कोणत्या वर्षापर्यंतची मिळाली? आणि पुढच्या डिसेंबरात कार्यकारी समितीत बसायला कोण तयार आहे? चौथ्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.