सुईचे टाके आणि अनाम हात
प्राचीन भरतकामाच्या अभ्यासाची दिशा

वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश होय. अमरावती व अकोला येथील बाजारपेठा कापसावरच वाढल्या. परंतु कापसाचे वस्त्र मातीखाली फार काळ तग धरीत नाही. पावसाळ्यातील ओल, बुरशी आणि वाळवी त्याचा नाश करतात. त्यामुळे आपल्या भागातील प्राचीन वस्त्रांचा शोध घेणाऱ्यास बव्हंशी अप्रत्यक्ष पुराव्यावर विसंबावे लागते. हा पुरावा तीन प्रकारचा आहे : प्रत्यक्ष अवशेष, चित्रे आणि लेख. या तिन्हींना दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. वस्त्र कसे तयार झाले? आणि ते कोणी तयार केले?

प्रथम अवशेषांचा विचार करू. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांच्या माळेत अडकलेला दोरा मिळाला. त्यात कापूस व रेशीम असल्याचे परीक्षणात आढळले. तांब्याच्या क्षारांमुळे तो सडण्यापासून वाचला. अशा तुकड्याचे परीक्षण करताना तंतूची जात, पिळाची दिशा, उभ्या-आडव्या धाग्यांची संख्या आणि रंगद्रव्य पाहिले जाते. भरतकामाच्या बाबतीत वस्त्राची उलटी बाजू अधिक बोलकी असते. धागा कोठून सुरू झाला, कोठे संपवला, हे तेथेच कळते. धागा झिजून गेला तरी सुईची छिद्रे उरतात व त्यांवरून नक्षीची रेषा पुन्हा काढता येते.

कोरड्या वाळवंटाने मात्र संपूर्ण पट जपले. चीनमधील तुन-हुआंग येथील सतराव्या क्रमांकाच्या गुहेतून १९०७ साली ऑरेल स्टाइन यांनी बाहेर नेलेला बुद्धपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आठव्या शतकातील हा पट सुमारे अडीच मीटर उंच असून तो रेशमी धाग्यांनी भरलेला आहे. मध्यभागी उभे बुद्ध असून दोन्ही बाजूंस बोधिसत्त्व व शिष्य आहेत. शिष्यांच्या आकृती घडीवर आल्याने बऱ्याच नष्ट झाल्या. तळाशी एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया, असे दाते भरले आहेत. दान देणाऱ्यांची चित्रे वस्त्रावर आली. टाके घालणाऱ्यांचे हात मात्र चित्राबाहेर राहिले.

जपानमधील नारा परिसरातील चुगू-जी विहारातील पट याहून बोलका आहे. राजपुत्र शोतोकू यांचे इ. स. ६२२ मध्ये निधन झाल्यानंतर त्यांच्या पत्नीच्या इच्छेवरून तो तयार झाला, असे त्यावरील लेख सांगतो. शंभर कासवांच्या पाठीवर प्रत्येकी चार, अशी चारशे अक्षरे त्यावर भरली होती. तेराव्या शतकात त्याची प्रतिकृती करण्यात आली आणि आज उरलेला पट दोहोंच्या तुकड्यांचा आहे. नवलाची गोष्ट अशी, की जुन्या भागाचे रंग ताजे आहेत, नंतरच्या भागाचे विटले आहेत. याच लेखात रेखाटन करणाऱ्या तीन कारागिरांची व देखरेख करणाऱ्या एकाची नावे आहेत. प्रत्यक्ष भरतकाम करणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केवळ ‘राजवाड्यातील सेविका’ एवढाच आहे.

आता आपल्या भूमीतील लेखांकडे वळू. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २००० कार्षापण शेकडा एक दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने ठेवले. मूळ रक्कम परत मागायची नव्हती, केवळ व्याज वापरायचे होते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. बारा गुणिले वीस म्हणजे २४०. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाचे व्याजही २४०च होते. हिशेब तंतोतंत जुळतो. याचा अर्थ, विणकरांची संघटना एवढी स्थिर होती की भिक्खूसंघाची कायमची ठेव तिच्यावर विश्वासाने सोपविली गेली. तरीही त्या लेखात विणकराचे एकही नाव नाही.

चित्रांची साक्ष अजिंठ्यात आहे. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री होता आणि या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, आपल्याच वऱ्हाडात आहे. पहिल्या व सतराव्या लेण्यातील भित्तिचित्रांत पट्टेदार व नक्षीदार वस्त्रे तसेच शिवलेल्या चोळ्या दिसतात. ती नक्षी विणलेली, रंगवलेली की सुईने भरलेली, याचा निर्णय केवळ चित्रावरून देऊ नये.

या संदर्भात विनयपिटक विशेष मोलाचे ठरते. महावग्गात मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी तशा आकृतीचे चीवर करता येईल काय, असे आनंदांना विचारले, आणि आनंदांनी ते शिवून दाखविले. चुल्लवग्गात सुई, सुईची नळी आणि शिवणाची चौकट यांविषयी नियम आहेत. ज्या समाजरचनेने हाताच्या श्रमास हीन ठरविले, तिच्यासमोर संघाने सुई स्वतःच्या हाती घेतली, ही गोष्ट लहान नाही.

वऱ्हाड-नागपूर भागात जाडेभरडे सुती कापड विणण्याचा व्यवसाय महार समाजाकडे मोठ्या प्रमाणात होता, हे ब्रिटिशकालीन नोंदींत स्पष्ट आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७७ साली तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडला. जुन्या विणकरांची नावे आता मिळणे कठीण आहे. परंतु घराघरांत जुन्या लुगड्यांचे थर टाक्यांनी जोडून आजीने शिवलेली वाकळ अजून असेल. ती टाकून देण्यापूर्वी उलटसुलट छायाचित्र घ्यावे. शिवणारीचे नाव, गाव, अंदाजे वर्ष आणि कापड कोणाचे होते, हे लिहून ठेवावे. नाशिकचा शिलालेख व जपानचा पट जे नाव नोंदवू शकले नाहीत, ते एका वहीत नोंदविणे आपल्या आवाक्यात आहे.