उशिरां येणारी चूक

संगणकास काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतींत सांगणारा काम पुरें होईपर्यंत तेथेंच तिष्ठत राहतो. दुसरींत तो काम सोंपवून पुढील उद्योगास लागतो. या दुसऱ्या रीतीस 'असिंक' म्हणतात. दूरच्या यंत्राकडून माहिती आणवावयाची असेल, तर हीच रीत सोयीची, कारण तेवढ्या वेळांत पडदा गोठून बसत नाहीं. परंतु या सोयीच्या पोटीं एक धोका आहे, व तो विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावा अशी आमची इच्छा आहे.

शिंप्याचा दाखला घेऊं. कापड देऊन आपण चिठ्ठी घेतों व घरीं येतों. चिठ्ठी हातीं आली म्हणजे सदरा शिवून झाला असें नव्हे. मागाहून इस्त्रीनें कापड जळालें, तर ती वार्ता चिठ्ठी घेऊन दुकानीं जाणारासच कळावयाची. ज्यानें चिठ्ठी वाटेंत फेंकली, त्यास ती कोण सांगणार?

सी-शार्प भाषेंत या चिठ्ठीस 'टास्क' म्हणतात. काम पुढें बिघडलें, तर चुकीचा सर्व तपशील त्या टास्कमध्येंच जपून ठेविला जातो. 2012 सालीं या भाषेंत 'अवेट' हा शब्द आला. टास्कपुढें अवेट लिहिलें, म्हणजे चूक तेथेंच प्रकट होते आणि भोंवतालच्या 'ट्राय-कॅच'च्या कुंपणांत सांपडते. अवेट गाळलें, तर कुंपण असून नसून सारखेंच. चूक टास्कच्या पोटांत राहते, बाहेर पडतच नाहीं. अनेक कामें एकत्र बांधून त्यांची वाट पाहिली असतां अवेट एकच चूक पुढें करतें. बाकीच्या पाहावयाच्या असल्यास त्या एकत्रित टास्कचें 'एक्सेप्शन' हें सदर उघडून पाहावें.

ज्या चुकीची कोणीच विचारपूस केली नाहीं, तिचें काय होतें? 2010 च्या डॉट नेट 4 मध्यें अशा चुकीपायीं सारा प्रोग्रॅम बंद पडे. 2012 च्या 4.5 आवृत्तीपासून ती सहसा मुकाट्यानें टाकून दिली जाते. पायथन भाषेच्या असिंक व्यवस्थेंत मात्र, टास्कची चूक कोणी पाहिलीच नाहीं, अशी सूचना छापली जाते.

आतां समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें प्रवेश-अर्ज पाठविण्याचा प्रोग्रॅम लिहिला, आणि अवेट न लिहितां लगेच "अर्ज पोंचला" हे शब्द पडद्यावर आणले. इतक्यांत जोडणी तुटली. आईबाप निश्चिंत राहिले, मुदत टळली आणि मुलीचें वर्ष वायां गेलें. चुकीचा तपशील यंत्राजवळ होता. तो कोणीं मागितलाच नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं प्रत्येक टास्क जपावा, त्याची वाट पाहावी, आणि मगच यशाची वार्ता द्यावी. पालकांनींही 'पाठविला' आणि 'पोंचला' यांतील भेद ध्यानीं धरून अर्जाची पोंच हातीं आल्याखेरीज निश्चिंत होऊं नये.