अर्धा आणा

आपल्या चळवळीत आई-बापांविषयी बोलण्याची एक रीत पडून गेली आहे. त्यांनी खाल्लेल्या खस्ता सांगायच्या आणि थांबायचे. खस्ता खऱ्याच आहेत. पण ज्या पोराने दारू प्यालेल्या बापाचा मार खाल्ला, त्याने ते कुठे सांगायचे? घरातले बाहेर काढले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, म्हणून तो गप्प बसतो. अशा पोरांनी साताऱ्यातले एक घर नीट पाहिले पाहिजे.

१८९६ साली भीमाबाईंचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आज विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दाखल्यामागचे घर मात्र आपण विसरतो. वडील रामजी खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर रोखपाल होते. साताऱ्यात अधू मीराआत्या आणि चार पोरे. स्वयंपाक पोरेच करीत. चपात्या जमत नसत, म्हणून पुलाव शिजवून दिवस काढीत.

रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमराव संतापले. बापाच्या अन्नावर जगायचे नाही, मुंबईच्या गिरणीत काम धरायचे, असे त्यांनी ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी काढण्याचा तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती आली. आत फक्त अर्धा आणा! त्या लाजेतून निश्चय झाला : अभ्यास करायचा, लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली आहे.

राग विझला नव्हता. त्याला वाट मिळाली होती. पुढे याच रामजींनी लेकींचे दागिने गहाण टाकून या मुलाला पुस्तके आणून दिली. आणि याच मुलाने जानेवारी १९१३ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध बडोद्याची नोकरी धरली. २ फेब्रुवारीला वडील गेले. दुखावणारा बाप आणि पोरासाठी झिजणारा बाप एकच असू शकतो. त्याचे ऋण मानूनही निर्णय आपला आपण घेता येतो.

हे मला उशिरा कळले. मी तासगाव तालुक्यातला. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरीला. बाजारच्या दिवशी पगार दारूत जाई आणि रात्री आईच्या अंगावर वळ उठत. सांगलीत नोकरी लागल्यावर वडील पहिल्या पगारासाठी दारात उभे राहिले. मी पैसे दिले नाहीत. दर महिन्याची ठरलेली रक्कम आईच्या हाती देऊ लागलो आणि राहायला वेगळी खोली घेतली. भावकीने कृतघ्न म्हटले. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च मात्र आजही मीच करतो.

बागेच्या बांधावर जो अपमान गिळावा लागला, तो वडिलांनी घरात ओकला, हे मी जाणतो. व्यवस्था अशीच घरात शिरते. परंतु कारण समजले म्हणून मार माफ होत नाही. तो आईने सोसला होता. माफी देणारा मी कोण?

शिक्षकांनो, कार्यकर्त्यांनो, वर्गात एखादे पोर घरच्याविषयी कडू बोलले, तर त्याला आई-बापांच्या त्यागावर व्याख्यान देऊ नका. आधी ऐका. मग वसतिगृहाचा अर्ज भरून द्या, शिष्यवृत्ती त्याच्या स्वतःच्या खात्यात जाते की नाही ते बघा. त्याच्या हातात आज अर्धाच आणा आहे.