शिरोड्यात कुलूपबंद, शिकागोत मोकळं!

लाँग वीकेंडला मालवण-वेंगुर्ल्याचा प्लॅन ठरलाय? मग टॅबवर एक पुस्तकही हवंच. आणि तिथलंच हवं, तर वि. स. खांडेकर! वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्यात खांडेकर मास्तरांनी १९२० ते १९३८ शाळेत शिकवलं. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' आली १९३० साली, गावात मिठाचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी.

ती ऑनलाइन फुकट वाचायची म्हटलं, तर गंमत बघा. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. खांडेकर गेले १९७६ साली. म्हणजे इथे कादंबरी मोकळी होणार १ जानेवारी २०३७ ला. अमेरिकेत मात्र तेव्हाच्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनापासून ९५ वर्षांचा. त्यामुळे तिथे तारीख १ जानेवारी २०२६! न्यू जर्सीतल्या आत्याला जे चालतं, त्यासाठी शिरोड्यातल्या भाच्याने आणखी अकरा वर्षं थांबायचं.

उलटंही होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' भारतात २०११ पासून सगळ्यांची. पण पुस्तक १९३५ चं, त्यामुळे अमेरिकेत थेट २०३१. तिकडे मुलांना मराठी शिकवणाऱ्या आईबाबांनी काय करायचं?

मुळात मराठी पुस्तकं तिकडे गेली कशी? भारताने अमेरिकी गव्हापोटी मोजलेल्या रुपयांतून १९६२ पासून तिथल्या ग्रंथालयांसाठी इथली पुस्तकं खरेदी झाली. पुढे अशा ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन होऊन 'हाथीट्रस्ट'सारख्या डिजिटल लायब्ररीत पोचली. तुम्ही कुठल्या देशातून बघताय, हे ही साइट ओळखते. हक्क संपले असतील तर पूर्ण पुस्तक; नाहीतर तुमचा शब्द कुठल्या पानावर आहे, एवढंच!

खरी काळजी वेगळीच. कोकणातली दमट हवा आणि वाळवी २०३७ ची वाट बघत बसत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली: सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडची छापील प्रत जतनासाठी स्कॅन करून ठेवू शकतं. नेटवर सगळ्यांना वाटता येत नाही, पण पुस्तक तरी वाचतं.

झटपट फॉर्म्युला
- भारतात: लेखकाच्या मृत्यूचं साल + ६१. चिं. त्र्यं. खानोलकर (१९७६): २०३७. जयवंत दळवी (१९९४): २०५५.
- अमेरिकेत, जुन्या पुस्तकांसाठी: प्रकाशनाचं साल + ९६.
- अनुवादाचे हक्क वेगळे असतात!

तोवर? शिरोड्याला गेलात की गावच्या वाचनालयात डोकवा. आणि 'हे स्कॅन केलंय का हो?' एवढं विचाराच.