पहिला प्रयोग हाऊसफुल्ल, पण धंदा चालला का? पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'कडून शिकूया

आज धंद्याचा धडा नाटकातून घेऊ.

प्रभाकर पणशीकर म्हटलं की 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे आठवतो. १९६२ साली आचार्य अत्र्यांचं हे नाटक मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने रंगमंचावर आणलं. पण पणशीकर नुसते नट नव्हते. १९६३ साली त्यांनी 'नाट्यसंपदा' ही नाट्यसंस्था काढली आणि ते निर्माते झाले.

निर्माता म्हणजे कोण? पैसा उभा करणारा, माणसं जमवणारा, नाट्यगृहाच्या तारखा मिळवणारा आणि तोटा झाला तर तो सोसणारा.

त्याच्या वहीत दोन खर्च असतात. नेपथ्य, कपडे, तालमी हा एकदाच होणारा खर्च. नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांचं मानधन, प्रवास, जाहिरात हा दर प्रयोगाचा खर्च. तिकीटविक्रीतून प्रयोगाचा खर्च वजा केल्यावर जे उरतं, त्यातूनच पहिला खर्च हळूहळू फिटतो. म्हणून एक प्रयोग गाजून भागत नाही, प्रयोग होत राहावे लागतात. 'तो मी नव्हेच'चे अडीच हजारांहून जास्त प्रयोग पणशीकरांनी केले!

आता आपल्याकडे या. समजा, भोकरदनला तुम्ही ६०,००० रुपयांचं मिरची कांडप मशीन घेतलं. वीज, मजुरी, भाडं जाऊन दिवसाला ५०० रुपये उरतात. म्हणजे मशीनचे पैसे निघायला १२० दिवस लागतील. कर्जाचं व्याज धरलं तर आणखी जास्त. पहिल्या आठवड्यातली गर्दी बघून दुसरं मशीन बुक करणारा इथेच फसतो.

आणि मिरचीचा हंगाम संपल्यावर काय? पणशीकर एकाच नाटकावर बसून राहिले नाहीत. 'नाट्यसंपदा'ने 'अश्रूंची झाली फुले' केलं, १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आणलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. प्रत्येक कामाला त्यातला जाणकार माणूस! तुम्हीही हंगाम चालू असतानाच हळद, मसाल्याची तयारी करा.

आज एवढंच करा: वहीत दोन रकाने आखा, 'एकदाचा खर्च' आणि 'रोजचा खर्च'. तुमचे पैसे किती दिवसांत निघतात ते काढा. तो आकडा हातात आल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका.