बटबटीत आहे, पण आपलं आहे!

तुमच्या मोबाइलची गॅलरी उघडा आणि खरं खरं सांगा. कुठल्या तरी गावाच्या नावाला लाल बदाम जोडलेली मोठ्ठी अक्षरं आणि त्यांच्यापुढे दोन बोटं दाखवत उभे असलेले तुम्ही, असा एक तरी फोटो सापडतो की नाही? किंवा भिंतीवर रंगवलेल्या पंखांच्या बरोबर मधोमध? किंवा सिमेंटच्या डायनासोरच्या जबड्यात हात घालून? सापडला ना? मग लाजू नका. माझ्याही गॅलरीत असे भरपूर आहेत.

अशा ठिकाणांना आपण पटकन ‘क्रिंज’ म्हणून मोकळे होतो. मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: बटबटीत. डोळ्यांत घुसणारे रंग, कानात घुसणारा आवाज आणि कशाची तरी नक्कल. मेणाचे हिरो, फायबरचे वाघ, प्लायवूडचा ताजमहाल. गंमत म्हणजे नावंही आपणच ठेवतो आणि तिकिटाच्या रांगेतही आपणच असतो. हे असं का होतं आणि त्यात नेमकं बिघडतं काय, हे जरा नीट बघू की!

पडद्यावरचं विमान

बटबटीतपणा बघायला सोलापूरकरांना लांब जायची गरजच नाही. आपल्याकडे गड्डा आहे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, शोभेचं दारूकाम होतं. आणि या सगळ्याला चिकटूनच गड्डा उभा राहतो. आकाशपाळणे, मौत का कुआँ, प्लास्टिकची खेळणी, भेळ, भजी आणि एकाच वेळी वाजणारे दहा भोंगे. कुठल्याही ‘एस्थेटिक’ इन्स्टा पेजवर हे चालणार नाही. पण गड्ड्याला न गेलेला सोलापूरकर शोधून दाखवा.

जुन्या जत्रांमध्ये फोटोवाल्याचा एक तंबू असायचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर चंद्र. पुढे पुठ्ठ्याचं विमान किंवा मोटारसायकल. त्या विमानाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून अख्खं कुटुंब गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचं. तुमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये असा फोटो असेल, तर तो आजच्या सेल्फी पॉइंटचा आजोबाच समजा. विमान पुठ्ठ्याचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं. खरं विमान परवडत नव्हतं, पण हौस होती. पुठ्ठ्याने ती हौस काही रुपयांत भागवली. बटबटीत ठिकाणांचं पहिलं आणि सगळ्यात मोठं काम हेच: हौस स्वस्तात भागवणं.

इथे कुणी गप्प बसवत नाही

दुसरं काम आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याला त्याची गरज कमी असते. म्युझियममध्ये गेलं की आवाज खाली येतो. मोठ्या कॅफेत मेन्यू कार्ड हातात आलं की काही जणांच्या कपाळावर घाम येतो. बटबटीत ठिकाणी असलं टेन्शन नसतं. तिथे मजा करायला इतिहास माहीत असावा लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही, ठरावीक कपडे लागत नाहीत. घरून आणलेला डबा उघडला तरी कुणी वळून बघत नाही.

आपल्या शहरात हजारो बायका घरी विड्या वळतात, हजारो कामगार यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढतात. त्यांच्या वर्षातल्या सहली मोजायला एका हाताची बोटं पुरतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर त्यांच्यासाठी आणखी जवळ आलं. दर्शन झाल्यावर पाळण्यात बसणं, बांगड्या घेणं, रंगीत लाइटच्या कमानीखाली फोटो काढणं, हा त्या दिवसाचा वाया गेलेला वेळ नाही. सुट्टी म्हणजे तेवढीच असते. त्याला आपण वातानुकूलित खोलीत बसून ‘टेस्ट नाही’ म्हणायचं, हे जरा जास्तच होतं ना बे?

शिवाय बटबटीत म्हणजे बिनकामाचं असंही नाही. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर शाळेची सहल गेली असेल, तर तिथले पुतळे तुम्हाला आठवत असतील. शेतात नांगर धरलेला शेतकरी, कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, सगळे माणसाएवढे आणि सगळे रंगवलेले. कलासमीक्षक नाक मुरडतील. पण बारा बलुतेदार म्हणजे नक्की कोण, हे कित्येक पोरांना पुस्तकापेक्षा त्या पुतळ्यांनी आधी शिकवलं.

जगात हा विषय गंभीरपणे घेणारेही झाले. १९६८ मध्ये रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन हे आर्किटेक्ट येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन चक्क लास वेगासला गेले. रोम नाही, पॅरिस नाही. निऑनच्या पाट्या, जुगाराचे अड्डे आणि पार्किंगची मैदानं अभ्यासायला! त्यातून १९७२ मध्ये ‘लर्निंग फ्रॉम लास वेगास’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नावं ठेवण्याआधी नीट बघा. लोक जिथे जातात तिथे ते का जातात, हे समजून घ्या.

मग बिघडतं कुठे?

इथवर वाचून वाटेल, की चला, सगळं माफ. तसं नाही. तोटे आहेत, आणि ‘दिसायला वाईट’ हा त्यातला सगळ्यात छोटा.

पहिला तोटा: सगळी गावं एकसारखी होतात. नवी मुंबईत नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. दिल्लीत २०१९ मध्ये भंगारापासून सात आश्चर्यं उभी राहिली. राजस्थानात कोट्यात आहेत, अजमेरमध्येही होती. ‘होती’ म्हणायचं कारण, अजमेरची ही आश्चर्यं आनासागर तलावाच्या काठावर, पाणथळ जागेत बांधली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये ती पाडावी लागली. म्हणजे गावाचं स्वतःचं आश्चर्य कोणतं, तर शेकडो वर्षांचा तलाव. आणि त्याच्याच काठावर आपण दुसऱ्यांच्या आश्चर्यांची कॉपी बसवली!

ॲमस्टरडॅमनेही हा अनुभव घेतला. तिथल्या मोठ्या म्युझियमसमोर शहराच्या नावाची लाल-पांढरी अक्षरं होती, आपल्याकडच्या कित्येक ‘आय लव्ह’ पाट्यांची मोठी बहीणच. फोटोसाठी इतकी झुंबड उडायची, की डिसेंबर २०१८ मध्ये शहराने ती अक्षरं तिथून उचलली. शहर म्हणजे फक्त फोटोच्या मागची भिंत बनतंय, अशी टीका होत होती.

दुसरा तोटा जिवावर बेतणारा आहे. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. आज तिथे पाण्याखालच्या पायऱ्या, भाजलेली कणसं, गरम भजी, गाण्यांचा आवाज. या सगळ्यामुळे ती जागा बागेसारखी वाटायला लागते. पण मागचा डोंगर बाग नसतो. वर पाऊस वाढला की खाली पाणी काही मिनिटांत चढतं. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले, पाट्या लागल्या. चूक भज्यांच्या गाडीची नाही. पण सजवलेल्या ठिकाणी आपण सावधपणा घरी ठेवून जातो, हे मात्र खरं. पावसाळ्यात ट्रिप ठरवताना ग्रुपवर हे एकदा मोठ्याने बोला.

तिसरा तोटा तिथे राहणाऱ्यांना सोसावा लागतो. ९ जून २०२५ पासून सोलापूर-गोवा विमान सुरू झालं. जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या विमानात बसलेल्या पोरांची नातवंडं खऱ्या विमानातून गोव्याला निघाली, ही गोष्ट भारीच आहे. पण उतरल्यावर आपण जातो कुठे? बहुतेक जण कळंगुट आणि बागा. तीच वॉटर स्पोर्ट्सची घासाघीस, तेच विनोद छापलेले टी-शर्ट. कळंगुट पंचायतीने २०२४ मध्ये गावात येणाऱ्या पर्यटकांवर कर लावण्याचा ठराव केला. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, गोवा सरकारने किनाऱ्यावर दारू पिणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं यासाठी दंड ठरवला: एकट्याला दोन हजार रुपये, ग्रुपला दहा हजार.

आता इथे जरा थांबा. फुटलेल्या बाटल्यांमध्ये अनवाणी चालणाऱ्या गोवेकरांचा राग शंभर टक्के बरोबर आहे. पण गाडीत गॅस आणि तांदूळ घेऊन येणारा माणूस हॉटेल परवडत नाही म्हणून तसा येतो, हेही तितकंच खरं. नियम करताना घाण करणारा आणि गरीब, या दोघांना एकाच दंडात बसवलं, तर समुद्र फक्त पैसेवाल्यांचा उरतो. आणि आपण नीट वागलो नाही, तर असे नियम करायला कारणही आपणच देतो.

आता आपल्या अंगणात बघू

विमान जसं जातं तसं ते येतंही. गोव्याहून कुणी सोलापुरात उतरलं, तर आपण त्यांना काय दाखवणार? हा प्रश्न येत्या काही वर्षांत महत्त्वाचा ठरणार आहे, आणि सोपं उत्तर तयारच आहे: आणखी एक सेल्फी पॉइंट.

त्याआधी दोन जागा बघून या. पहिली हत्तरसंग कुडल. सीना आणि भीमा जिथे भेटतात तिथे जुनी मंदिरं आहेत, ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा. आपण आज ज्या भाषेत मेसेज करतो, ती हजार वर्षांपूर्वी तिथे दगडावर कोरली गेली. सोलापुरातून बाइकवर अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. तुमच्या ग्रुपमधले किती जण गेलेत, मोजा. बागाला जाऊन आलेले नक्कीच जास्त निघतील.

दुसरी जागा नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याला पाऊण-एक तासावर. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आत उभं राहिलं, की समोर पाण्याचा पडदा, पण अंगावर थेंब नाही. चारशे वर्षांपूर्वीचं हे इंजिनिअरिंग बघून कुठलंही वॉटर पार्क फिकं पडेल. हा किल्ला सरकारच्या दत्तक योजनेतून खासगी कंपनीकडे देखभालीला दिला गेला. मग बाग आली, बोटिंग आलं. काहींना ते खटकलं. पण बोटीत बसायला आलेली पोरं पाणीमहालापर्यंत चालत जातात, हा फायदा छोटा नाही.

म्हणजे बघा, एकीकडे नुसतं खरं असलं की माणसं फिरकत नाहीत, दुसरीकडे नुसतं बटबटीत असलं की गावच हरवून जातं. वाट मधली आहे, आणि ती आपल्याला गड्ड्याने कधीच दाखवून ठेवलीय. गड्ड्याचा सगळा झगमगाट यात्रेच्या शेजारी उभा राहतो, यात्रेच्या जागी नाही. आणि दिवस संपले की पाळणे उतरवले जातात, तंबू गुंडाळले जातात, मैदान मोकळं होतं. तलाव आणि मंदिर तिथेच राहतं. सिमेंटच्या आश्चर्यांचं तसं नसतं. ती एकदा रोवली, की उठून जात नाहीत. अजमेरसारखं कोर्टाला उठवावं लागतं.

त्यामुळे यापुढे शहरात ‘नवीन पॉइंट’ होतोय अशी बातमी वाचली, की तीन प्रश्न विचारा. तो कशाच्या शेजारी होतोय आणि कशाच्या डोक्यावर? नको झाला तर तो हलवता येईल का? आणि ज्यांच्याकडे वर्षातून एकच सुट्टी आणि खिशात शंभराची नोट आहे, त्यांना आत जाता येईल का? तिन्हींची उत्तरं पटली, तर खुशाल बदाम लावा.

आणि हो, तोवर डायनासोरच्या जबड्यातला फोटो डिलीट करू नका. फक्त पुढच्या रविवारी कुडलला जा, त्या हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांपुढे उभे राहा आणि एक फोटो तिथलाही टाका. हात न लावता, बरं का!