वारंवार येणारी चक्कर आणि अंतर्कर्णाचा जुनाट विकार : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : चक्कर, घेरी, अंतर्कर्ण, मेनिएर विकार, तोल, पुनर्वसन

प्रस्तावना :

मानवी ज्ञानेंद्रिये पाच आहेत असे प्राथमिक शाळेपासून शिकविले जाते. तोल सांभाळणारे इंद्रिय या यादीत नाही. ते दोन्ही कानांच्या आत, कवटीच्या हाडात बसविलेले असते आणि बिघडेपर्यंत त्याची जाणीवही होत नाही. ते बिघडले की मात्र उभे राहणे, कूस बदलणे, फळ्याकडून वर्गाकडे वळणे यांसारख्या क्रियाही जाणीवपूर्वक कराव्या लागतात.

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील ऊस, दूध व फळबागांचे तालुके होत. येथे 'चक्कर येते' अशी तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेला मनुष्य बहुधा रक्तदाब मोजून, 'अशक्तपणा आहे' किंवा 'पित्त वाढले आहे' असे ऐकून, प्रसंगी सलाईन लावून घरी परततो. काही वेळा हे निदान बरोबरही असते. परंतु चक्कर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येत असेल, तिच्यासोबत एका कानात दडा बसत असेल, घूं घूं आवाज येत असेल व ऐकू कमी येत असेल, तर तिचे मूळ रक्तात वा पोटात नसून कानात असण्याचा संभव अधिक असतो. अशा विकारांपैकी मेनिएर विकार केंद्रस्थानी ठेवून, तो समजून कसा घ्यावा आणि त्याच्यासह या परिसरात कसे जगावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

'चक्कर' या शब्दाची व्याप्ती :

निदानातील पहिली अडचण वैद्यकीय नसून भाषिक आहे. मराठी बोलीत या अनुभवासाठी अनेक शब्द आहेत : अंधारी, झीट, घेरी, भोवळ, गरगरणे, झोक जाणे. ते समानार्थी मानण्याची सवय कोशांनी व पाठ्यपुस्तकांनी लावली असली, तरी बोलणाऱ्याच्या तोंडी त्यांत पुष्कळदा भेद असतो. वाकून खुरपणी करणारी स्त्री एकदम उभी राहते आणि 'डोळ्यांपुढे अंधारी आली' म्हणते, तेव्हा मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडलेले असते. पंडुरोग, उन्हातील कामाने शरीरातील पाणी कमी होणे, उपवास किंवा रक्तदाबाची गोळी ही त्याची कारणे असू शकतात. 'झीट आली' यात शुद्ध हरपण्याची छटा आहे. 'झोक जातो' म्हणणाऱ्याचे डोके स्थिर असते. पाय ठरत नाहीत. 'घेरी आली, घर फिरू लागले' हे वर्णन मात्र अंतर्कर्णाकडे बोट दाखविते.

शहरी उच्चारात या सर्वांची जागा 'चक्कर' या एका शब्दाने घेतली आणि दवाखान्यातही तोच रूढ झाला. परिणामी रुग्ण सविस्तर सांगण्याचे सोडून देतो व डॉक्टरांपर्यंत अर्धीच माहिती पोहोचते. त्यामुळे 'चक्कर' या शब्दावर न थांबता नेमके काय फिरते, किती वेळ फिरते, कशाने सुरू होते आणि त्या वेळी कानात काय होते, हे सांगणे आवश्यक ठरते. यांत कालावधीला विशेष महत्त्व आहे. अंथरुणात कूस बदलताच येणारी व मिनिटभरात ओसरणारी घेरी बहुधा अंतर्कर्णातील सूक्ष्म खडे जागेवरून सरकल्याने येते. तज्ज्ञाने डोके विशिष्ट क्रमाने वळविले, तर हा त्रास अनेकांत काही मिनिटांच्या उपचाराने थांबतो. असे असताना 'मानेचा मणका झिजला' या समजुतीने गळ्याला पट्टा लावून महिनोन्‌महिने मान न हलविणारे रुग्ण आढळतात, ही खेदाची बाब होय. दिवसचे दिवस टिकणारी घेरी तोलाच्या मज्जातंतूला सूज आल्याने येऊ शकते. मेनिएर विकाराचा झटका या दोहोंच्या मधला असतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या निकषांनुसार निश्चित निदानासाठी २० मिनिटे ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके, त्याच बाजूच्या कानाच्या बदलत्या तक्रारी आणि श्रवणचाचणीत खालच्या व मधल्या स्वरांसाठी आढळणारी श्रवणहानी या बाबी लागतात. अर्धशिशीशी निगडित घेरीचे चित्रही पुष्कळसे असेच दिसते, म्हणून श्रवणचाचणीशिवाय या विकाराचे निदान पुरे होत नाही.

एक इशारा येथेच नोंदविणे योग्य होय. चक्करसोबत बोबडे बोलणे, एकाची दोन दिसणे, एका बाजूची शक्ती जाणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा आधाराशिवाय मुळीच उभे राहता न येणे यांपैकी काहीही झाले, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

कानातील यंत्रणा :

पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये असे प्रतिपादन केले की, घेरी, कर्णनाद व बहिरेपणा एकत्र येतात तेव्हा दोष मेंदूत नसून कानात असतो. तोपर्यंत असे झटके मेंदूत रक्त साचल्याने येतात असे समजून रुग्णांचे रक्त काढले जाई. पुढच्याच वर्षी मेनिएर निवर्तले. बारामतीच्या बाजारपेठेतील दवाखान्यात आज जो 'अशक्तपणा' ऐकू येतो, त्याची जातकुळी त्या जुन्या समजुतीशी जुळणारी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव किंचित मागे राहतो, नलिकेतील नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला वळण्याची वर्दी मिळते. संत तुकाराम महाराजांची पालखी याच परिसरातून जाते. बेलवाडीस व इंदापुरास गोल रिंगण होते. त्या सोहळ्यात फुगडी खेळणाऱ्यांकडे पाहिले असता ही यंत्रणा सहज समजते. फुगडी काही काळ चालली की द्रवही नलिकेच्याच वेगाने फिरू लागतो. फुगडी थांबते, नलिका थांबते, पण द्रव पुढे जात राहतो. त्यामुळे थांबलेल्या वारकऱ्याला आपण उलट दिशेने फिरत आहोत असे भासते. मेनिएर विकारात हाच भास फुगडी न घालता, बसल्या जागी, कित्येक तास होतो. या विकारात अंतर्कर्णातील आतल्या कप्प्याचा द्रव साचून कप्पा फुगतो, हे १९३८ मध्ये मृत रुग्णांच्या कानांच्या तपासणीतून दिसून आले. तो का फुगतो, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

रात्रीचे पाणी :

मनुष्य केवळ कानावर उभा राहत नाही. डोळे, पायांतील व सांध्यांतील संवेदना आणि अंतर्कर्ण या तिघांची साक्ष जुळवून मेंदू तोल ठरवितो. एक साक्षीदार अविश्वसनीय झाला, तर उरलेल्या दोघांवर काम चालते. म्हणूनच झटक्यांच्या मधल्या काळात असा रुग्ण दिवसा, सपाट रस्त्यावर बहुधा निरोगी माणसासारखा चालतो आणि 'याला काय झाले आहे?' असे इतरांना वाटते.

या परिसराच्या शेतीचा प्रश्न येथे निर्माण होतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आवर्तनाने येते आणि शेतीपंपाची थ्री फेज वीज अनेकदा रात्रपाळीत मिळते. तेव्हा दारे धरण्यासाठी शेतकऱ्यास अंधारात उसात शिरावे लागते. काळोखाने डोळ्यांची साक्ष जाते आणि चिखलाने पायांची. उरतो तो कान, आणि तोच बिघडलेला असतो. दिवसा बांधावरून सरळ जाणारा माणूस रात्री त्याच बांधावर कोलमडतो, याचे कारण भीती वा दुबळेपणा नसून तिघांपैकी एकही साक्षीदार जागेवर नसणे, हे होय. पाहणारा मात्र अनेकदा 'घेऊन आला असेल' असा निष्कर्ष काढतो. मद्याचा परिणाम अंतर्कर्णातील त्या पडद्यावरही होत असल्याने दोन्ही चालींत साम्य दिसते खरे. परंतु या गैरसमजामुळे रुग्ण आपला आजार लपवू लागतो आणि रात्री एकटा शेतात जातो, ही बाब अधिक गंभीर होय.

दोन्ही कानांचे तोल-इंद्रिय गमावलेल्या एका डॉक्टरचे आत्मकथन १९५२ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने त्यांची ही अवस्था झाली होती. वाचताना नाडीच्या ठोक्यानेही अक्षरे हलत, म्हणून ते पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके टेकवून वाचत. हेच इंजेक्शन भारतातील क्षयरोग कार्यक्रमात पुनरुपचारासाठी दीर्घकाळ वापरात होते. त्यामुळे जुन्या क्षयरुग्णाच्या अंधारात झोक जाण्याच्या तक्रारीकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

अशा रुग्णाने रात्री एकट्याने पाणी धरू नये. जाणे अटळच असेल, तर कपाळावर बांधायची बॅटरी व हातात काठी घ्यावी. काठीमुळे हातालाही जमिनीची साक्ष मिळते. विहिरीच्या काठावर वाकणे, कडबाकुट्टी यंत्रात चारा सरकविणे, उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर चढणे ही कामे दुसऱ्याकडे द्यावीत, कारण या विकारातील काही रुग्ण पूर्वसूचनेशिवाय, शुद्धीवर असतानाच अचानक कोसळतात. कालव्यात, विहिरीत किंवा उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यात एकट्याने पोहणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. पाण्याखाली पायांना जमीन नसते, गढूळपणात दिसत नाही आणि वर कोणते व खाली कोणते हेच कळेनासे होते.

उपचार व त्यांच्या मर्यादा :

झटका आल्यावर आडवे होऊन डोके स्थिर ठेवणे, एका स्थिर वस्तूवर नजर ठेवणे व उलट्या होत असल्यास घोट घोट पाणी घेणे, एवढेच घरी करता येते. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन यांसारख्या गोळ्या मळमळ व गरगर कमी करतात. त्या थोडे दिवसच घ्याव्यात. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून त्या महिनोन्‌महिने घेण्याची पद्धत घातक आहे. बिघडलेल्या कानाशी जुळवून घेण्याची मेंदूची प्रक्रिया या गोळ्यांनी मंदावते, आणि रुग्ण जिला आजार समजतो ती सुस्ती पुष्कळदा गोळीचीच असते.

झटके टाळण्यासाठी बीटाहिस्टिन मोठ्या प्रमाणावर दिले जाते. जर्मनीतील २२१ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध व निरौषधी गोळी यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. झटके मात्र सर्वच गटांत कमी झाले. विकार आपोआप चढतो व उतरतो, हे त्यावरून ध्यानात येते आणि एखाद्या गंड्याचे किंवा काढ्याचे 'यश' कसे उभे राहते, हेही उमगते. मीठ कमी करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्यामागील पुरावा निर्णायक नसला तरी लोणचे, पापड, खारे शेंगदाणे व फरसाण आवरल्याने हानी होत नाही. उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराने मात्र हा सल्ला डॉक्टरांना विचारूनच पाळावा. झटके असह्य झाल्यास कानाच्या पडद्यामागे स्टेरॉइड किंवा जेंटामायसिन सोडतात. त्यांपैकी जेंटामायसिनने उरलेली श्रवणशक्ती जाण्याचा धोका असतो.

झटक्यांच्या मधल्या काळातील व्यायामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न व कुक्सी यांनी असे व्यायाम प्रथम रचले. नजर एका अक्षरावर ठेवून मान डावी-उजवीकडे हलविणे, पाय जुळवून उभे राहणे, वळत वळत चालणे, असे त्यांचे स्वरूप असते. प्रारंभी थोडी गरगर होते, आणि ती होणेच अपेक्षित असते. मेंदू चुकांवरूनच शिकतो. 'चक्कर येते, पडून राहा' हा घरोघरीचा सल्ला प्रेमाचा असला, तरी झटका ओसरल्यावर तो अपायकारक ठरतो. पडून राहणाऱ्याचा तोल परत येत नाही, भीती तेवढी वाढते.

श्रवणचाचणीसाठी पुणे किंवा सोलापूर गाठावे लागते ही अडचण पूर्वी मोठी होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे तपासणी तालुक्याच्या आवाक्यात आली आहे. तेथे जाताना झटक्यांची नोंदवही सोबत न्यावी. तारीख, कालावधी, कोणता कान, आदल्या दिवसाची झोप एवढे चार रकाने पुरेत. झटक्याच्या वेळी रुग्णाचे डोळे सारखे एका बाजूला ओढले जातात. घरच्यांनी त्यांचे मोबाईलवर चित्रण केल्यास डॉक्टरांस मोलाचा पुरावा मिळतो.

अध्यापक आणि विद्यार्थी :

महाविद्यालयात हा विकार निराळ्या रूपाने भेटतो. एका कानाने कमी ऐकणाऱ्या अध्यापकास मागच्या बाकावरील प्रश्न कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. तो टाळाटाळ करतो असे विद्यार्थ्यांस वाटते. फळ्याकडून झटकन वळणे, जिन्यात कठड्याशिवाय उतरणे, इंदापूरहून दुचाकीवर ये-जा करणे, हे सर्व त्याला मोजूनमापून करावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ मध्ये परवान्याच्या अर्जदारास कोणत्याही कारणाने अचानक घेरी येते काय, असे स्पष्ट विचारलेले आहे. त्या रकान्यात सवयीने 'नाही' लिहिणारे थोडे नसावेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. तोलाचा विकार त्यांत स्वतंत्रपणे नाही. श्रवणदोष आहे, परंतु त्याची मोजणी दोन्ही कानांची होते आणि मेनिएर विकार बहुधा एकाच कानास होतो. त्यामुळे अशा अध्यापकाच्या हाती प्रमाणपत्र येत नाही आणि परीक्षेच्या दिवशी झटका आलेल्या विद्यार्थ्याच्याही नाही. प्राचार्य व विभागप्रमुखांच्या अखत्यारीत मात्र बरेच काही राहते : अध्यापकाचे तास तळमजल्यावर लावणे, पर्यवेक्षणाच्या तीन तासांत त्याला बसू देणे, विद्यार्थ्यास दाराजवळचा बाक देणे. टेबलाशेजारी खुर्ची ठेवण्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते.